नोझल सारखं कट मारतंय? ऑफ-रोड गाडीची टाकी नीट भरेना तेव्हा

पंपावर नोझल लावलं की दोन-तीन लिटरांत ‘टक’. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. मागची रांग हॉर्न वाजवू लागते, पंपावरचा माणूस नोझल अर्धवट दाबून थेंबाथेंबाने भरत बसतो आणि शेवटी टाकी भरायच्या नळ्यातून (फिलरमधून) पेट्रोल उसळून बॉडीवर ओघळतं. जिप्सी, जुनी थार, बोलेरो, जुन्या जीप अशा चिखलात फिरणाऱ्या गाड्यांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. गॅरेजमध्ये गेलं तर ‘टाकी बदला’ हा सल्लाही लगेच मिळतो. बहुतेक वेळा टाकीला काही झालेलं नसतं. इंधन आत जात नाही, कारण आतली हवा बाहेर पडत नाही. तेव्हा शोध इंधनाच्या वाटेचा नाही, हवेच्या वाटेचा घ्यायचा.

नोझल कट का मारतं

नोझलच्या टोकाशी, आतल्या बाजूला एक बारीक भोक असतं. इंधन वाहत असताना त्या भोकातून थोडी हवा सतत आत ओढली जाते. नळ्यात इंधन वर चढून ते भोक झाकलं गेलं की हवा थांबते, आत निर्वात वाढतो, एक पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. यात वीज नाही की सेन्सर नाही. म्हणूनच नोझलला भरलेली टाकी, नळ्यात तुंबलेलं इंधन आणि डिझेलचा फेस यांतला फरक कळत नाही. भोक झाकलं की ते कट मारणार.

साधं नोझल मिनिटाला साधारण ३५ ते ४० लिटर सोडतं. म्हणजे तेवढीच हवा मिनिटाभरात टाकीबाहेर पडायला हवी. त्यासाठी टाकीच्या माथ्यापासून फिलर नळ्याच्या तोंडापर्यंत एक वेगळी बारीक नळी असते, ती ब्रीदर. फिलर नळा टाकीला जोडणाऱ्या जाड रबरी होजमधून इंधन खाली येतं, ब्रीदरमधून हवा वर जाते. ब्रीदर बंद झाला की हवेला त्याच जाड होजमधून, येणाऱ्या इंधनाच्या विरुद्ध वर यावं लागतं. निमुळत्या तोंडाची बाटली भरताना होते तीच गडगड इथे होते आणि इंधन उसळतं.

आधी पंपावर काय बघायचं

पाना हातात घेण्याआधी दोन वेगवेगळ्या पंपांवर इंधन भरून बघा. एका पंपावर त्रास आणि दुसऱ्यावर काहीच नाही, तर दोष त्या नोझलचा. भोकात कचरा अडकला तरी नोझल विनाकारण कट मारतं. डिझेल गाडी ट्रकच्या मशीनवर लावली असेल तर तेही लक्षात घ्या. ती नोझलं जाड असतात आणि त्यांचा वेग कारच्या नोझलच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. धडधाकट ब्रीदरलाही तो वेग झेपत नाही, शिवाय डिझेलचा फेस होतो. अशा वेळी गाडी दुरुस्त करण्यापेक्षा मशीन बदलून घेणं सोपं.

मग नोझल तीन-चार सेंटिमीटर बाहेर ओढून, ९० अंशांत फिरवून, सगळ्यात हळू खाचेवर लावून बघा. फिरवल्यावर नीट भरत असेल तर धार नळ्यातल्या कशावर तरी आपटून परत उडते आहे: तुटलेली झडप, वाकलेली पत्री, किंवा चोरीच्या भीतीने कुणी बसवलेली जाळी. डिझेल चोरी रोखणाऱ्या जाळ्यांनी भरणं हमखास मंदावतं.

सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे नोझल कधी कट मारतं ती वेळ. रिकाम्या टाकीतही पहिल्या एक-दोन लिटरांत कट होत असेल तर अडथळा फिलर नळ्यात, होजमध्ये किंवा टाकीच्या तोंडाशी असलेल्या झडपेत. पाच-सात लिटर बरे जाऊन मग उसळत असेल तर संशय ब्रीदरवर. पाऊण टाकीपर्यंत सुरळीत आणि मग हट्ट, तर टाकीच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह, ठेचलेली टाकी किंवा पंपावरचा उतार. हवेचं तोंड टाकीच्या ज्या कोपऱ्यात आहे, तो कोपरा उतारामुळे खाली गेला तर ते वेळेआधीच इंधनात बुडतं. गाडी उलट्या दिशेने लावून एकदा भरली की हे लगेच कळतं.

नोझल वेळेवरच थांबतं पण काटा पाऊणच्या वर जात नाही, ही तक्रार वेगळी. ट्रेलवर दगडावर बसून स्किड प्लेट (टाकीखालची संरक्षक पत्री) वर दबली, तिच्यामुळे टाकीचा तळ आत गेला आणि काट्याला पातळी कळवणाऱ्या फ्लोटची दांडी अडकली, असं पुष्कळदा असतं. काटा रिझर्व्हला आल्यावर किती लिटर बसतात ते मोजा. जिप्सीच्या ४० लिटरच्या टाकीत ३३-३४ लिटर बसले, तर टाकी भरते आहे, काटा खोटं बोलतो आहे.

काम सुरू करण्याआधी

टाकी पाव भरलेली असताना काम करा. काठोकाठ असेल तर होज सोडताच अंगावर येईल. गाडी उघड्यावर, सपाट जागी. खड्ड्यावर नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हाताशी ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा. प्रकाशासाठी सेलवर चालणारी एलईडी टॉर्च, वायरचा हँड लॅम्प नाही. चाक काढणार असाल तर जॅकवर विसंबू नका, खाली घोडी लावा.

साहित्य फार नाही: १० आणि १२ चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, चिकटपट्टी आणि मार्कर, पायाने मारायचा हवापंप, एक मीटर स्वच्छ पारदर्शक नळी, जुने कपडे, डिझेल किंवा पेट्रोल झेलायला धातूचं भांडं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीकडे जाणाऱ्या कुठल्याही नळीत थेट सोडू नका. टाकी फुगते, शिवण उघडते, प्लास्टिकची असेल तर फाटते. आणि नळी तोंडात धरून फुंकू नका.

पायरी १: झाकण आणि नळ्याचं तोंड

झाकण उघडताना जोराचा ‘फुस्स’ आला तर हवा आत ओढली गेली की बाहेर पडली ते बघा. आत ओढली जात असेल तर झाकणातली श्वास घेण्याची वाट बंद आहे. कॅनिस्टर (टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा) नसलेल्या जुन्या गाड्यांत ही वाट झाकणातच असते आणि कोकणातला लाल चिखल तिथे जाऊन वाळला की विटेसारखा घट्ट बसतो. झाकण डिझेलमध्ये बुडवून दातांच्या ब्रशने साफ करा, रबरी वायसर तडकलेला असेल तर बदला. झाकणाला भोक पाडण्याचा जुगाड नको. चढावर गाडी तिरकी झाली की त्या भोकातून पेट्रोल गळतं आणि नदी ओलांडताना त्याच भोकातून पाणी आत जातं.

एक लक्षात ठेवा: भरताना झाकण बाजूलाच काढलेलं असतं, त्यामुळे निव्वळ खराब झाकणाने नोझल कट मारत नाही. झाकणामुळे चालत्या गाडीत इंधन कमी पडतं, गाडी दम तोडते. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर चिखलाने दोन्ही वाटा बुजवल्या आहेत असं समजा.

नळ्याच्या तोंडात टॉर्च मारून बघा. पेट्रोल गाडीत आत एक अरुंद पत्री आणि तिच्यामागे स्प्रिंगची झडप असते. झडपेची स्प्रिंग तुटून ती आडवी लोंबकळत असेल तर अपराधी सापडला.

पायरी २: ब्रीदर

अर्ध्याहून अधिक वेळ इथेच जाणार आणि तो इथेच घालवावा.

मागचं चाक काढून आतली चिखलपट्टी सोडली की बहुतेक गाड्यांत दोन्ही नळ्या दिसतात: जाड ती फिलरची, अंगठ्याएवढी किंवा त्याहून बारीक ती ब्रीदरची. ब्रीदर तोंडापासून टाकीपर्यंत हाताने चाचपत जा. कुठे चिमटला आहे का, एक्झॉस्टला टेकून वितळला आहे का, कुठे झोका घेऊन खाली लोंबतो आहे का. हा झोका नवख्यांना दिसत नाही. नळी कुठेही खाली वाकून परत वर चढत असेल तर त्या खोलगटात इंधन साचतं आणि हवेला बूच बसतं. नळी स्वच्छ, नवी, न चिमटलेली, तरीही बंद. पाण्यातून जाता यावं म्हणून ब्रीदर वर नेणाऱ्यांच्या गाड्यांत हे फार आढळतं: नळी जास्त लांब कापली जाते, उरलेली गुंडाळून बॉडीच्या पोकळीत कोंबली जाते आणि पुढच्या भरण्यापासून कटकट सुरू होते.

आता तपासणी. नळ्याच्या तोंडाकडचं ब्रीदरचं टोक सोडा, त्याला पारदर्शक नळी जोडा, टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि पायपंपाने हळू हवा मारा. हवा विनासायास जाऊन फिलरच्या तोंडातून बाहेर यायला हवी. पंप जड लागला तर वाट बंद. हवा जाते पण नळीतून गुडगुड ऐकू येते, तर झोक्यात इंधन आहे. बंद असेल तर टाकीकडचं टोकही सोडा आणि नळी एकटी तपासा. नळी मोकळी निघाली तर दोष टाकीच्या तोटीत किंवा व्हॉल्व्हमध्ये, तो पायरी ४ मध्ये.

नळी बंद असेल तर ती गाडीवरून पूर्ण काढा आणि मगच साफ करा. गाडीवर असतानाच तार खुपसली तर चिखल टाकीत ढकलला जातो आणि पुढे इंधन फिल्टर तुंबतो. काढलेल्या नळीतून आधी कोमट पाणी, मग हवा, मग पूर्ण सुकवणं. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत कुंभारमाशी उघड्या नळीत मातीचं घर बांधते. तेही पाण्यात भिजवल्यावर निघतं.

साफ केल्यावरही हवा अडत असेल तर नळी मधोमध चिरून आत बघा, कारण ती नाहीतरी टाकायचीच आहे. जुन्या रबराचा आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. बाहेरून नळी अगदी ठणठणीत दिसते. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून, विशेषतः ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) देशभर मिळू लागल्यावर, जुन्या गाड्यांच्या मूळ रबरावर याचा ताण वाढला आहे. १५-२० वर्षांच्या जिप्सीत मूळ ब्रीदर अजून असेल तर तपासत बसू नका, बदला.

बदलताना नळी इंधनाचीच घ्या. मीटरवर मिळणाऱ्या होजवर ‘एसएई ३० आर ७’ असा छाप शोधा. रेडिएटरची होज दिसायला मजबूत असते, पण तिचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. पारदर्शक पीव्हीसी नळी तपासणीपुरती ठीक. कायम ठेवली तर कडक होऊन तडकते. आतला व्यास जुन्या तोटीएवढाच ठेवा. ‘मिळाली ती’ बारीक नळी टी-जॉइंट लावून जोडली की हवेचा रस्ता तिथेच अरुंद होतो. नळीची वाट अशी हवी की टाकीपासून तोंडापर्यंत ती सतत चढती राहील, आणि दर २०-२५ सेंटिमीटरवर क्लिपने बांधलेली असेल.

पायरी ३: फिलर होज, आणि बॉडी लिफ्टचा घोळ

गाडी उंच करण्याच्या दोन पद्धती, सस्पेन्शन लिफ्ट आणि बॉडी लिफ्ट, यांतला फरक इथे समजला पाहिजे. चेसिस वेगळी, बॉडी वेगळी अशा गाड्यांत टाकी चेसिसला असते आणि फिलरचं तोंड बॉडीला. सस्पेन्शन लिफ्टने दोन्ही एकत्र वर जातात, होजला काही होत नाही. बॉडी लिफ्टमध्ये चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात, त्यामुळे फक्त तोंड वर जातं. दोन इंची ठोकळे घातले की तोंड आणि टाकी यांच्यात ५० मिलिमीटर अंतर वाढतं. होज तेवढीच राहिली तर ताणून चपटी होते, तोटीवरून अर्धी निसटते किंवा वळणावर मुडपते. लिफ्टच्या किटबरोबर फिलरचा जोडनळा आला नसेल तर तो वेगळा मागवा. त्याशिवाय लिफ्टचं काम पूर्ण झालं असं मानू नका.

होजच्या वळणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. सुरकुती लागली तर आतलं भोक अर्ध्यावर आलेलं असतं. वळण तीव्र असेल तर आत तारेचं वेटोळं असलेली इंधनाची होज घ्या, ती मुडपत नाही. होज दोन्ही तोट्यांवर ३० ते ४० मिलिमीटर चढली पाहिजे. जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) टोकापासून साधारण ६-८ मिलिमीटर आत बसवा. रबर क्लिपच्या खाचांतून फुगून वर येईल इतकी आवळू नका, तिथेच पुढे चीर पडते. कोरडी होज चढत नाही म्हणून ग्रीस लावू नका. थोडं पेट्रोल किंवा साबणपाणी पुरतं.

होज काढलीच आहे तर टाकीच्या तोटीत टॉर्च मारा. काही गाड्यांत इथे एक झडप असते, तिरकी गाडी उलटली तरी इंधन मागे येऊ नये म्हणून. बोथट लाकडी काठीने हळूच ढकला: सहज उघडून आपोआप मिटली पाहिजे. चिकटली असेल तर डिझेलने धुवा. ती काढून टाकून मोकळं होण्याचा मोह आवरा. उलटलेल्या गाडीत तीच झडप इंधन टाकीत अडवते.

पायरी ४: टाकीचा माथा

होज, ब्रीदर, झडप सगळं ठीक आणि तरी अडचण, तर टाकी उतरवावी लागेल. चार-पाच लिटरच इंधन ठेवा. आधी स्किड प्लेट काढा. ती वर दबली असेल तर कदाचित इथेच उत्तर आहे: टाकी फ्लोअरला टेकून माथ्यावरची नळी चिमटली गेली आहे. प्लेट सरळ करून टाकी आणि फ्लोअर यांच्यातली फट मोकळी झाली की पुन्हा हवा मारून बघा.

उतरवायचीच झाली तर जॅकवर लाकडी फळी ठेवून टाकीला आधार द्या, पट्ट्यांचे बोल्ट सुटे करा, वर हात जाईल इतकीच खाली घ्या आणि नळ्या व वायरिंग सोडण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टीने क्रमांक लिहा. माथ्यावर साचलेला चिखल ब्रशने आणि ओल्या कपड्याने काढल्याशिवाय एकही नळी सोडू नका, नाहीतर तो सगळा आत पडेल.

माथ्यावर बोटभर उंचीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह असेल तर तो रोलओव्हर व्हॉल्व्ह, गाडी उलटली की हवेची वाट बंद करणारा. काढता येत असेल तर काढा, स्वच्छ पेट्रोलने धुवा, सुकवा. सरळ धरून हवा मारली तर जायला हवी, उलटा धरला तर अडायला हवी. सरळ धरूनही अडत असेल तर नवा घ्या. आत पिन घालून मोकळा करू नका. पाऊण टाकीवर हट्ट करणाऱ्या गाड्यांत बहुधा हाच किंवा शेजारचा, भरणं थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह चिकटलेला असतो. टाकीत वर थोडी मोकळी जागा राहावी, उन्हात इंधन फुगलं तर बाहेर येऊ नये, यासाठी तो असतो.

टाकीला चीर असेल तर वेल्डिंग घरी किंवा नेहमीच्या फॅब्रिकेटरकडे करू नका. ‘रिकामी’ टाकीच जास्त धोकादायक; आत वाफ असते.

पेट्रोल गाड्यांचा कॅनिस्टर

नव्या पेट्रोल गाड्यांत टाकीची वाफ कोळशाने भरलेल्या कॅनिस्टरमध्ये जाते आणि इंजिन ती नंतर ओढून घेतं. भरताना हवा फिलरच्या तोंडातूनच बाहेर पडत असेल तर कॅनिस्टर तुंबल्याने नोझल लगेच कट मारत नाही. झाकण उघडताना दाब जाणवतो, पेट्रोलचा वास येतो. अमेरिकेतल्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे १९९८च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने, भरतानाची वाफही कॅनिस्टरमध्येच नेण्याचा नियम आला. तिथे जीप रँग्लरसारखी गाडी वाळवंटात किंवा चिखलात चालवणाऱ्यांनी पहिला संशय कॅनिस्टर, त्याचा व्हेंट सोलेनॉइड (हवेची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि बाहेरच्या हवेची जाळी यांच्यावर घ्यावा. ताज्या हवेची नळी कॅनिस्टरपासून सोडा आणि तशीच गाडी एकदा पंपावर न्या. नीट भरली तर दोष त्या नळीत किंवा जाळीत. तरीही अडली तर कॅनिस्टर किंवा त्याच्या अलीकडची नळी. वाफ कोळशातून गाळूनच बाहेर पडते, म्हणून ही एक नळी सोडणं चालतं. टाकी आणि कॅनिस्टर यांच्यामधली नळी सोडून पंपावर जाऊ नका.

कॅनिस्टर बिघडवण्याचं काम आपल्याकडे ‘राउंड फिगर करा’ ही सवय करते. पहिल्या कटनंतर शंभर-दोनशे रुपयांचं आणखी कोंबलं की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशात शिरतं. भिजलेला कोळसा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर हे झालेलं असण्याची शक्यता आहे, किंवा पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनकडे सोडणारा) उघडाच अडकला आहे.

जोडल्यावर

सगळं बसवून, बॅटरी जोडण्याआधी, प्रत्येक जोड कोरड्या कपड्याने पुसा. मग पंपावर आधी पाचच लिटर भरा आणि खाली वाकून जोड बघा. कोरडे असतील तर उरलेली टाकी पूर्ण वेगाने, पहिल्या कटपर्यंत. मध्ये एकदाही न थांबता भरली तर काम झालं. नव्या रबराची होज पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी बसते, तेव्हा क्लिपा अर्धा फेरा आवळून घ्या. पावसाळ्यात प्रत्येक चिखलाच्या ट्रेलनंतर चाकाच्या कमानीत पाण्याचा फवारा मारताना तो हवेच्या नळीच्या उघड्या टोकात (असेल तर) थेट जाऊ देऊ नका. टोक खाली तोंड करून, फिलरच्या उंचीवर बांधलेलं असेल तर ही काळजीही उरत नाही.